किराणा आता मी भरतो

आप्पा,

घरातला किराणा गेली सहा वर्षं मी भरतो. बाजार मी करतो, आणि आठवड्यातले चार-पाच दिवस स्वयंपाकही मीच करतो. तुम्ही असतात तर पान लावता लावता थांबला असतात आणि तुमच्या सुनेकडं बघून विचारलं असतंत, हा खरं बोलतोय का. ती हो म्हणाली असती. भाकऱ्या मात्र अजून तीच थापते, कारण माझी भाकरी फुगते पण गोल होत नाही, आणि नकाशासारखी भाकरी तिला ताटात चालत नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तुम्हाला सांगावं असं बरंच साठलं, पण हे सगळ्यांत जास्त, कारण यातली गंमत जितकी तुम्हाला कळली असती तितकी दुसऱ्या कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर सात-आठ वर्षांनी आमच्या कंपनीत नवी मशीनं आली आणि माणसं जास्त झाली. मग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. स्वेच्छा कसली, नोटीस बोर्डावर यादी लागायची आणि ज्याचं नाव खाली खाली सरकायचं त्याला आपोआप स्वेच्छा व्हायची. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. पोरीचं लग्न आदल्याच वर्षी नारायणगावात करून दिलं होतं. आम्ही दोघांनी चिंचवडची खोली सोडली आणि शिनोलीला घरी आलो. मिळालेले पैसे पोस्टात टाकले. महिन्याला जे व्याज यायचं ते पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं होतं. शेत वाट्यानं दिलेलं, घर स्वतःचं, खाणारी तोंडं दोन. कागदावर मांडलं तर पुरायला हरकत नव्हती.

पण मी पहिलं वर्षभर सुट्टीवर आल्यासारखा वागलो. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी घोडेगावच्या स्टँडवर जायचो. ओळखीचं कुणी ना कुणी भेटायचं, आणि चहाचे पैसे मीच द्यायचो, कारण मुंबई-पुण्याकडून परत आलेल्या माणसानं ते द्यायचे असतात अशी माझी समजूत होती. डिंभ्याची मासळी आली की घ्यायची, मंचरला गेलं की सफरचंदं आणायची. टीव्हीला केबल घेतली. वीस तारखेच्या सुमाराला व्याज संपायचं, मग दुसऱ्या पासबुकातून थोडे काढायचे, या महिन्यापुरते म्हणून. आणि हे सगळं करून झाल्यावर मी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचो आणि तुमच्या सुनेला काटकसर शिकवायचो. गॅस बारीक कर. चहात पत्ती फार पडते. दिवा कशाला लावलास एवढ्यात. तिनं चोवीस वर्षं माझ्या पगारात चिंचवडला घर चालवलं होतं, पोरीला शिकवलं होतं, लग्नात सोन्याचे दोन डाग घातले होते. ते तिनं कसं केलं हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

एके दिवशी मी मंचरहून एसटीनं घरी येत होतो. घोडेगावच्या पुढं धनगरांची मेंढरं रस्त्यावर आडवी आली आणि गाडी थांबली. मी खिडकीत. बाजूच्या रानात बायकांची टोळी कांद्याची लागण करत होती. ओळीनं वाकलेल्या पंधरा-वीस बाया, पायाखाली चिखल. त्यातली तिसरी काहीतरी बोलली, सगळ्या हसल्या, आणि चौथी हसता हसता कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. ती तुमची सून होती. पदर खोचलेला, डोक्याला टॉवेल बांधलेला, कोपरापर्यंत चिखल. माझ्या मांडीवर सफरचंदांची पिशवी होती. ती अशी हसताना मी किती वर्षांत बघितली नव्हती, हे आधी मनात आलं की कुणी ओळखीचं बघत तर नाही ना, हे आधी आलं, ते खरं सांगायचं तर मला आता आठवत नाही. मेंढरं गेली, गाडी सुटली.

संध्याकाळी ती आली. मोरीत पाय धूत असताना मी विचारलं, कधीपासून चाललंय. ती म्हणाली, तीन आठवडे झाले. मी स्टँडवर गेलो की तीही निघायची आणि मी दुपारची झोप काढून उठायच्या आत परत यायची. आज लागण संपवायची म्हणून उशीर झाला. मी म्हणालो, आपल्या घरातली बाई कधी रोजानं गेलेली नाही, लोक काय म्हणतील. पैसे कमी पडतात तर मला सांगायचं. तिनं पाय पुसले, टॉवेल दोरीवर टाकला आणि अगदी शांतपणे बोलली.

"पैशे कमी पडत्यात ते तुमाला बी म्हाईतंय. पण मी त्यासाठीच जाती असं न्हाई. मला तिथं बरं वाटतं. चार बायांत हसायला व्हतं. घरात तुमी दिसभर खुर्चीत बसता आन् मी काय करायचं ते मला सांगता. चोवीस वर्षं तुमी कामाला जात व्हता, मी कधी मागनं येऊन सांगितलं का, मशीन असं चालवा म्हणून?"

मग ती म्हणाली, "मी जाणार. घर तुमी बघा. मामांनी शंभर पोरांचं बघितलं, तुमाला दोन माणसांचं व्हतंय का बघू."

तिनं तुमचं नाव काढलं आणि मला ती दिवाळी आठवली. तुम्ही आश्रमशाळेतल्या स्वयंपाक्याच्या नोकरीतून रिटायर होऊन वर्ष झालं होतं. मला जुनी स्कूटर घ्यायची होती, आणि फराळ चालू असताना ती एवढंच म्हणाली होती की यंदा नको, फी भरायची आहे. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, तुला काय कळतंय पैशातलं, घरात तर बसून असतेस. तुम्ही हात धुतले, मला म्हणालात, चल, विहिरीकडं जाऊन येऊ. बांधावर तुम्ही पुढं, मी मागं. अर्ध्या वाटेत तुम्ही थांबलात, वळलात आणि विचारलंत, "तिला बसलेली मी तर कधी बघितली न्हाई. तू बघितलीस का?" मी म्हणालो, तसं नाही. "मंग बोलतूस कशाला," एवढंच बोलून तुम्ही पुढं चालू लागलात. विहिरीशी पोचल्यावर म्हणालात, एक महिना घर चालवून बघ, आन् मग बोल. मी हसण्यावारी नेलं होतं. तो महिना मला दहा-बारा वर्षांनी भरावा लागला.

पहिला महिना फजितीचाच गेला. मंचरच्या मार्केटात बटाटा स्वस्त मिळाला म्हणून मी अख्खं पोतं आणलं. दोन माणसांना पोतंभर. मग बटाट्याची भाजी, बटाट्याचा रस्सा, बटाट्याचे काप, कोंब मोडून पुन्हा भाजी. ती रोज रानातून यायची, हातपाय धुऊन जेवायची आणि ताटाला नाव ठेवायची नाही. अठराव्या दिवशी हात धुताना म्हणाली, "उद्या बी बटाटाच असल तर सांगा, मी बायांच्यात जेवून येती." उरलेले मी शेजाऱ्यांच्या म्हशीला घातले. गिरणीत दळण घेऊन गेलो की लोक मजा करायचे. एकानं सगळ्यांसमोर विचारलं, राव, कंपनीनं तुमाला काढलं का बायकोनं कामाला ठेवलं? मी म्हणालो, दोन्ही. गिरणीवाला इतका हसला की पट्टा सुटल्याचं त्याला कळलं नाही. त्या दिवसापासून मला गिरणीत लाज वाटेनाशी झाली.

आणि मग मला आश्रमशाळेतलं तुमचं स्वयंपाकघर आठवायला लागलं. कंपनीत टाळेबंदी होती ते अडीच महिने. मी घरी तोंड पाडून बसलो होतो, आणि तुमचं नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. एका सकाळी तुम्ही म्हणालात, बसून राहण्यापेक्षा चल माझ्यासंगं. एसटीनं डिंभ्यापर्यंत, आणि पुढची गाडी आलीच नाही म्हणून धरणाच्या कडेकडेनं चालत. मला वाटलं होतं, गेल्या गेल्या चूल पेटवायची असेल. तुम्ही आधी प्रार्थनेच्या मैदानाशी जाऊन उभे राहिलात. मुलं ओळीत उभी होती, आणि तुम्ही एकेकाचं तोंड बघत होतात. कोण घरून आलंय, कोणाला ताप आहे, कोण रडून झोपलं होतं. मग येऊन कोठी उघडलीत आणि डाळ काढलीत. मी म्हणालो, मापं तर ठरलेली असतात ना. तुम्ही म्हणालात, माप सरकारचं, भूक पोराची. सोमवारी तुम्ही भात कमी टाकायचात, कारण सोमवारी पोरं घरून आलेली असायची आणि घास गिळत नसायची. ते वाचलेले डाळ-तांदूळ गुरुवारी निघायचे, कारण गुरुवारी पोरं सगळ्यांत जास्त खायची. मी अजून डोळे मिटले की ते धुरानं काळं झालेलं आढं दिसतं. तुम्ही झारा घेऊन उभे आहात, घाम टिपताय, आणि शेवटच्या पंगतीतलं एक बारकं पोर ताट पुढं करतंय. तुम्ही त्याच्याकडं बघता, आणि न विचारता अर्धा डाव जास्त वाढता.

तेव्हा मी ठरवलं, आधी माणसं बघायची. पण घरात माणसं दोनच. म्हणून एक महिना मी आम्हा दोघांनाच बघत राहिलो. ती काय आवडीनं खाते, ताटात काय उरतं, फडताळात काय आठ-आठ दिवस पडून राहतं. तिला सफरचंद आवडत नाही हे मला लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर कळलं. मी आणतो म्हणून ती खायची. आणि माझं स्वतःचं बघितलं तेव्हा कळलं की मी बाजारात काही लागतं म्हणून जात नाही, दुपार सरत नाही म्हणून जातो. स्टँडवरचे चहाही तसलेच. मला चहा नको असायचा, मला कुणीतरी कामाचं काय चाललंय म्हणून विचारायला हवं असायचं. हे एकदा ध्यानात आल्यावर खर्च कमी करायला फार काही करावं लागलं नाही. दुपारचीच मी कामं लावून घेतली. मसाला घरी कुटू लागलो. हुलगा दळून आणला आणि शेंगोळी वळायला शिकलो. पहिल्या दिवशी ती रश्शात विरघळून गेली, आम्ही ती पिठलं म्हणून खाल्ली. आता माझी शेंगोळी खायला शेजारचे वाटी घेऊन येतात. बाजाराला मी सकाळी जायचं बंद केलं, बाजार उठायच्या वेळी जातो, तेव्हा पालेभाजीवाल्या बाया स्वतःहून हाक मारतात. ती ज्या रानात कामाला जाईल तिथला वानवळा येतो, कधी कांदे, कधी वालाच्या शेंगा, कधी ओंजळभर टोमॅटो. सहा-सात महिन्यांनी एकदा मी पोस्टात गेलो तेव्हा काढायला नाही, टाकायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्लिप उलटी करून बघितली, चुकून भरली का म्हणून.

आमचं भांडणही तेव्हापासून कमी झालं. संध्याकाळी ती दारात आली की मी चहा ठेवतो, आणि ती आज टोळीत कोण काय बोललं ते सांगते. कुणाची सून रुसली, कुणाच्या बैलानं कुणाचं रान तुडवलं. मी हसतो. चिंचवडला मी घरी यायचो तेव्हा तीही माझ्यासाठी असाच चहा ठेवायची, पण मी मशीनबद्दल काही सांगायचो नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं. तिला ऐकायला आवडलं असतं.

आणि मग बारसं आलं. पोरगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली, घोडेगावला मुलगी झाली, तुमची पणती. बारशाला नारायणगावची सगळी सोयरी येणार, भावकी, टोळीतल्या बाया, गाव. आचाऱ्याला विचारलं तर त्यानं जो आकडा सांगितला त्यात पोस्टातल्या ठेवीचा मोठा लचका गेला असता, आणि ठेव मोडली की महिन्याचं व्याज कायमचं कमी. ती म्हणाली, मोडू, नात एकदाच होते. दोन दिवस मी कागदावर आकडे मांडत होतो. तिसऱ्या दिवशी म्हणालो, मासवडीचं जेवण मी करतो. पोरगी बाळाला पाजत होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "बाबा, सासरची मानसं ओट्यावर बसणार आन् तुम्ही मागं आचाऱ्यावानी चुलीपुढं? मला कसं वाटेल?" तिची आई तिला काहीतरी बोलायला लागली होती, मीच थांबवलं. मला पोरीवर रागावता आलं नाही. मी फक्त म्हणालो, एकदा बघ तरी.

आश्रमशाळेनं तुम्हाला निरोपाला दिलेलं ते मोठं पितळी पातेलं आठवतं? तुम्ही ते मला दिलं होतंत, आणि आम्ही चिंचवडच्या खोलीत त्यात गोधड्या ठेवायचो. ते मी चिंचेनं घासून काढलं, कल्हई करून आणली. टोळीतल्या आठ बाया पहाटेच आल्या. बेसन मी शिजवलं, ओल्या फडक्यावर थापणं त्यांनी घेतलं, तीळ-खोबऱ्याचं सारण मी भरायचं आणि गुंडाळून वड्या कापायच्या पुन्हा त्यांनी. तुमच्या सुनेनं सगळ्यांना कामाला लावलं, मलाही. सव्वाशे पानं धरली होती. अकरा वाजता नारायणगावची दुसरी जीप आली, आणि तिसरीही आली. मी मागच्या दारातून ओट्यावर बघितलं, माणसं धरलेल्यापेक्षा बरीच जास्त होती. मग तुम्ही करायचात तसं केलं. जाऊन मांडवात उभा राहिलो आणि माणसं बघितली. म्हातारी किती, पोरं किती, लांबून उपाशी आलेली किती. परत आलो, भाताचं दुसरं आधण ठेवलं, बायांना म्हणालो, पहिल्यांदा भात वाढा, मासवड्या मोजून, आणि रश्शात उकळतं पाणी आणि भाजलेल्या बेसनाची पेस्ट घातली, मीठ-मसाला वाढवला.

पंगती उठत होत्या, बसत होत्या, आणि अन्न पुरत होतं. शेवटच्या पंगतीत शेजाऱ्यांबरोबर आलेला चाळिशीतला एक गृहस्थ होता, डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या डोंगरातला, आता कुठंतरी मास्तर आहे. त्यानं रस्सा भुरकला आणि वाढणाऱ्या बाईला विचारलं, कुणी केलाय. मला बोलावणं आलं. मला वाटलं, पातळ झाला म्हणणार. तो तेच म्हणाला. "पातळ झालाय थोडा," म्हणाला, "पन ब्येस. आमच्या शाळंत आप्पा व्हते, त्यांची आमटी आशीच असायची. शेवटच्या पंगतीला आमी मुद्दाम बसायचो, भाताची खरवड मीठ-तेल लावून द्यायचे." मी म्हणालो, ते माझे वडील. तो ताटावरून उठला. उष्टा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं त्यानं माझा हात धरला. पोरगी रश्शाचं भांडं घेऊन मागं उभी होती. मी पातेल्यातली खरवड काढली, मीठ-तेल लावलं, आणि तिनंच ती त्याच्या पानात वाढली. मग तिचे सासरे चुलीशी येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, पावणं, आमालाबी द्या की.

तुमच्या पणतीचं आता शाळेत नाव घातलंय. ठेव शाबूत आहे. तुमच्या सुनेनं रोजाच्या पैशातून स्वतःसाठी मोबाइल घेतला, आणि टोळी कुठं जमायची ते त्यावरून सगळ्यांना कळवते, जवळजवळ मुकादमच झाली आहे. गावात कार्य असलं की लोक मला विचारायला येतात, दोनशे माणसाला डाळ किती. मी विचारतो, माणसं कोण आहेत ते आधी सांगा. मी तुमच्या हाताखाली शिकलो असं सगळ्यांना सांगतो, आणि सांगताना आवाज जरा मोठाच होतो. या पत्राला पाकीट आणलेलं नाही. जे पाठवायचंच नाही त्याला पाकिटाचा खर्च कशाला.

एकच गोष्ट राहिली. कंपनीत लागायच्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर चिंचवडला आला होतात, एक दिवसाची रजा टाकून. आत फॉर्म भरायचा होता. त्यात वडिलांचा व्यवसाय असं एक घर होतं. माझ्या शेजारच्या पोरानं तलाठी लिहिलं होतं. मी पेन बराच वेळ तसंच धरलं आणि मग शेती असं लिहिलं. पुढं लग्नाच्या बोलणीतही तेच सांगितलं, आणि चोवीस वर्षं कंपनीच्या कागदावर तुम्ही शेतकरीच राहिलात. बाहेर आलो तेव्हा तुम्ही गेटसमोरच्या झाडाखाली बसला होतात. उठून, धोतर झटकून तुम्ही विचारलंत, सगळं नीट लिहिलंस ना. मी हो म्हणालो.